रविवारच्या यादीत त्यांचंही नाव हवं

आपल्या ख्रिस्ती मंडळ्या आणि दिव्यांग माणसं या विषयावर मनात असेल ते लिहून पाठवा, असं मागच्या वेळी म्हटलं होतं. पत्रं बरीच आली. मी बावीस वर्षं विशेष शिक्षिका आहे, माझा धाकटा भाऊ पोलिओमुळे कुबड्या वापरतो, आणि मधली सहा वर्षं मी आमच्या मंडळीत पंच, म्हणजे कारभार पाहणाऱ्या समितीत होते. उत्तरं या तिन्ही अनुभवांतून दिली आहेत.

सलाम ताई. आमचं चर्च मिशनच्या काळातलं, दगडी. पुढे पाच पायऱ्या. दोन वयस्कर सभासद आता व्हीलचेअरवर आहेत. तरुण संघाची मुलं त्यांना खुर्चीसकट उचलून आत आणतात. काही पंच म्हणतात, मुलं एवढ्या प्रेमानं उचलतात, तर रॅम्पवर खर्च कशाला?
*एक पंच, नगर जिल्हा*

मुलं प्रेमानंच उचलतात, त्याबद्दल शंका नाही. पण उचलून घेणाऱ्याला कधी विचारलंय का? माझ्या भावाला चौदाव्या वर्षापर्यंत असंच आत नेत. तो उचलणाऱ्याच्या शर्टाची कॉलर घट्ट मुठीत धरायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. लोकांना वाटे, पोरगा प्रार्थना करतोय. त्याला पडायची भीती वाटत असे. शनिवारी रात्रीपासून तो पाणीही कमी प्यायचा, कारण उपासनेच्या मध्येच बाहेर जावं लागलं तर पुन्हा चार माणसं शोधावी लागणार. हे त्यानं मला सांगितलं ते तिशी उलटल्यावर.

पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी उचलून येशूकडे नेलं, त्यावर आपण कितीतरी उपदेश ऐकलेत. गर्दीमुळे वाट मिळेना तेव्हा त्या चौघांनी दुसऱ्याच्या घराचं छप्पर उकललं, हेही मार्कानं दुसऱ्या अध्यायात लिहून ठेवलंय. माणूस आत जावा म्हणून त्यांनी इमारतीला हात घातला. तुमच्या पंचांपुढे एवढं वाचून दाखवा.

आता मापं. रॅम्पचं प्रमाण एकास बारा, म्हणजे एक इंच उंचीला बारा इंच लांबी. सहा इंचाची एक पायरी धरली तर पाच पायऱ्यांची उंची तीस इंच, आणि रॅम्प तीस फूट. एवढी सरळ जागा सहसा नसते, म्हणून मध्ये पाच बाय पाच फुटांचा सपाट टप्पा ठेवून तो वळवून घ्या. रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंना कठडा. वर गुळगुळीत लादी नको, खरखरीत कोबा करा, नाहीतर पावसाळ्यात कुबडी सरकते. रॅम्प भिंतीला न जोडता स्वतंत्र बांधला तर जुन्या दगडी कामाला धक्काही लागत नाही. एका मंडळीनं जागा वाचवायला पाच पायऱ्यांना बारा फुटांचा उतार केलेला मी पाहिला. खुर्ची चढवायला तीन माणसं लागतात आणि उतरताना ती हातातून सुटते. त्यापेक्षा पायऱ्याच बऱ्या होत्या.

बाजूच्या दाराला पायऱ्या कमी असतील तर रॅम्प तिथे घ्या, पण मग चपलांचा स्टँड आणि सलाम करायला उभी राहणारी माणसंही त्याच दारात आणा, म्हणजे सगळी मंडळी तिथूनच ये-जा करील. आत तिसऱ्या-चौथ्या ओळीतला अर्धा बाक काढून खुर्चीला जागा करा. पार मागे दाराशी नको, आणि सगळ्यांच्या नजरेखाली अगदी पुढेही नको. माणूस आपल्या घरच्यांच्या शेजारी बसला पाहिजे. स्वच्छतागृहाचं दार तीन फुटी आणि बाहेर उघडणारं हवं.

कायद्याचंही सांगा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा, 19 एप्रिल 2017 पासून लागू. धार्मिक कामासाठी लोक जिथे जमतात ती खासगी इमारतसुद्धा त्यातल्या ‘सार्वजनिक इमारती’च्या व्याख्येत येते.

माझा मुलगा नऊ वर्षांचा, त्याला ऑटिझम आहे. गाणी सुरू झाली की कान दाबून ओरडतो, उपदेश चालू असताना फेऱ्या मारतो. एका बाईंनी मला बाजूला घेऊन गोड शब्दांत सांगितलं, “तुम्ही घरीच ऑनलाइन उपासना बघा, देव काय सगळीकडे आहे.” तेव्हापासून आम्ही गेलोच नाही.
*एक आई, पिंपरी*

तुमचं काहीही चुकलेलं नाही, हे आधी. देव सगळीकडे आहे हे खरं, पण तुम्हाला माणसंही हवी आहेत, आणि मंडळी असते ती त्याचसाठी.

तो ओरडतो कारण त्याला त्रास होतो. आपल्याकडे लहानशा हॉलमध्ये मोठे स्पीकर लावतात, कीबोर्ड आणि ढोलकी पूर्ण आवाजात, त्यात माइकची शिट्टी. तुम्हाआम्हाला खटकतं तेवढंच, त्याच्या मात्र कानात सुई गेल्यासारखं होतं. त्याला स्पीकरपासून लांब, बाजूच्या दाराजवळ बसवा. आवाज अडवणारे कानावरचे हेडफोन बाजारात मिळतात, ते लावू द्या. मधल्या एखाद्या वारी रिकाम्या चर्चमध्ये घेऊन जा. बाकांना हात लावू दे, व्यासपीठावर चढू दे. मग गाणं, प्रार्थना, वाचन, उपदेश, दान, आशीर्वाद अशी सहा चित्रं एका पुठ्ठ्यावर चिकटवा आणि एकेक भाग संपला की कपड्याचा चिमटा पुढच्या चित्रावर सरकवायला त्याला सांगा. आता किती उरलं हे दिसू लागलं की अशा मुलांची निम्मी घालमेल थांबते. फेऱ्या मारायच्या तर मागच्या मोकळ्या जागेत मारू दे. त्यात कुणाचं काही बिघडत नाही.

तरुण संघातल्या एका शांत मुलाला किंवा मुलीला महिनाभर त्याच्याशी ओळख करून घेऊ द्या. नंतर उपदेशाच्या वेळी तो त्यांच्याबरोबर थांबेल. तुम्ही शेवटचा अख्खा उपदेश कधी ऐकलात? माझ्या ओळखीच्या एका आईनं सात वर्षांनी ऐकला आणि तो काय होता हे तिला आजही तोंडपाठ आहे.

पाळकसाहेबांना माझ्या वतीनं एक सुचवा. आमच्याकडच्या एका मुलाला, बोलत नाही अशा, दानाची पिशवी फिरवायचं काम दिलं होतं. तो प्रत्येक बाकापाशी थांबायचा, मनात काहीतरी मोजायचा, मग पुढे जायचा. कुणी घाई केली तर पहिल्या बाकापासून पुन्हा सुरुवात. दोन-तीन रविवारांत मंडळीला त्याचा वेग समजला, आणि दानाच्या गाण्याचं शेवटचं कडवं दोनदा म्हणायची रीत पडली. तुमच्या मुलाला काय जमतं, काय आवडतं, ते त्यांना सांगा. रविवारच्या कामांच्या यादीत नाव लागलं की तो रविवारी आला नाही तर लोकांना चुकल्यासारखं होतं.

मी पंचविशीतला, जन्मापासून दृष्टिहीन, बँकेत नोकरीला. प्रत्येक उपवास-प्रार्थनेत मला पुढे बोलावतात, डोळ्यांवर हात ठेवतात. काही झालं नाही की म्हणतात, तुझा विश्वास कमी पडतोय. एकदा आईला विचारलं, घरात कुणाचं काही पाप लपलंय का? मला आता जायचीच धास्ती वाटते.
*जालना*

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा राग आला. आईला विचारलेला तो प्रश्न नवा नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हेच विचारलं होतं: पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूनं सांगितलं, याचंही नाही आणि याच्या आईबापांचंही नाही. त्यावर आणखी चौकशी करायचा अधिकार उपवास-प्रार्थनेला कुणी दिला?

विश्वासाच्या मापाचंही तसंच. छप्पर उकलून खाली सोडलेल्या त्या माणसाच्या गोष्टीत येशूनं विश्वास पाहिला तो आणणाऱ्यांचा. बिछान्यावरच्याला कुणी तराजूत घातलं नाही. पौलानं शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, कृपा पुरेशी आहे असं उत्तर मिळालं. पौलाचा विश्वास कमी होता असं कुठल्या व्यासपीठावरून मी अजून ऐकलेलं नाही.

प्रार्थना करणाऱ्यांना मी प्रार्थना सोडा म्हणत नाही, आधी विचारा म्हणते. बार्तिमय आंधळा आहे हे यरीहोच्या रस्त्यावर सगळ्यांना दिसत होतं. तरी येशूनं त्याला विचारलं, मी तुझ्यासाठी काय करू? ज्याच्या डोळ्यांवर हात ठेवायचा त्याची परवानगी नको का?

तुम्ही त्यांना स्पष्ट सांगा: “माझ्यासाठी प्रार्थना करायची असेल तर माझ्या बदलीसाठी करा,” किंवा लग्नासाठी, आईच्या गुडघ्यांसाठी, जे खरंच मनात असेल त्यासाठी. हे पाळकांशी आधी एकट्यात बोला, म्हणजे भर सभेत तुम्हाला एकट्याला उभं राहावं लागणार नाही. आणि शास्त्रवाचन मागून घ्या. ब्रेल येत असेल तर ब्रेलवरून, नाहीतर फोनवर कानानं ऐकत पाठ करून. एका संध्याकाळच्या उपासनेत एक दृष्टिहीन मुलगी स्तोत्र 139 वाचत होती आणि मध्येच वीज गेली. सगळे मोबाइलचे दिवे शोधत चाचपडत होते. तिची बोटं ठिपक्यांवरून तशीच पुढे जात राहिली, आवाज जराही अडखळला नाही. अंधार आणि उजेड तुला सारखेच, हे त्याच स्तोत्रातलं वचन आम्ही त्या रात्री काळोखात बसून ऐकलं.

आपल्याकडे याची वाट फार पूर्वी पडली आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अंध मुलीबायकांसाठी बार्तिमी सदन काढलं आणि त्यांची लेक मनोरमा हिनं त्यांना ब्रेल शिकवलं. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या अॅना मिलार्ड यांनी 1900 साली अंधांची शाळा सुरू केली. शिकवलं, काम दिलं, माणसं उभी केली. तो वारसा सांगणाऱ्या मंडळ्यांनी आज फक्त डोळ्यांवर हात ठेवून थांबावं, हे मला मान्य नाही.

आमच्याकडे एक कर्णबधिर जोडपं येऊ लागलंय. काय करावं?
*सोलापूर*

पहिल्यांदा त्यांनाच विचारा, लिहून. सगळ्या कर्णबधिरांना सांकेतिक भाषा येते असं नसतं, आणि सगळे ओठ वाचतात असंही नसतं. उपदेशाचे मुद्दे आणि गाण्यांचे क्रमांक आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर पाठवा. पाळकांच्या चेहऱ्यावर उजेड असू द्या, मागच्या खिडकीचा झगझगाट असेल तर पडदा लावा. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे, ती म्हणजे मराठीचे हातवारे नव्हेत. दिल्लीच्या सरकारी संस्थेनं दहा हजार शब्दांचा कोश काढलाय, तो पाहून मंडळीतल्या दोघा-तिघांनी सलाम, शांती, नाव काय, जेवलात का, एवढं तरी शिकावं. त्यांच्या ऐकू येणाऱ्या लेकराला मात्र दर रविवारी दुभाषी करू नका. त्यालाही रविवारच्या शाळेत बसायचं असतं.

माझ्या मुलीला डाउन सिंड्रोम आहे. वय दहा. प्रथम कम्युनियनच्या (पहिल्यांदा ख्रिस्तशरीराची भाकर घेण्याच्या) तयारीच्या वर्गात प्रश्नोत्तरं पाठ होत नाहीत म्हणून यंदा थांबा म्हणाले.
*वसई*

मी कॅथलिक नाही, पण या विषयावर तुमच्या चर्चचं म्हणणं माझ्या कामामुळे वाचलेलं आहे. चर्चच्या कायद्यातलं कलम, कॅनन 912, सांगतं की कायद्यानं मनाई नसलेल्या प्रत्येक बाप्तिस्मा झालेल्या व्यक्तीला कम्युनियन घेऊ द्यायचं. अमेरिकेतल्या बिशपांनी 1995 साली याबद्दल मार्गदर्शन काढलं. नेहमीचं खाणं आणि ख्रिस्तशरीर यांतला फरक मुलाला कळला पाहिजे, आणि तो शब्दांतूनच दिसला पाहिजे असं नाही; हावभावातून किंवा आदरानं गप्प राहण्यातूनही तो दिसू शकतो, असं त्यात म्हटलंय. ते तिकडचं आहे, पण फादरांशी बोलायला उपयोगी पडेल. वेदीसमोर आल्यावर तुमची मुलगी काय करते ते त्यांना एकदा जवळून पाहू द्या. घरी सराव करायला पवित्रीकरण न झालेली भाकर मागून घ्या. अनोळखी चवीला आणि जिभेला चिकटण्याला ही मुलं कधीकधी बिचकतात, आणि लोकांना ती नकार देतात असं वाटतं.

अपंग म्हणावं की दिव्यांग?
*काही जणांचा प्रश्न*

सरकारी कागदावर आता दिव्यांग आहे, मीही तोच वापरते. माझ्या भावाला तो आवडत नाही, त्यात उगाच देवपण चिकटवल्यासारखं वाटतं म्हणतो. त्याला नावानं हाक मारा. गाण्यांतले, शास्त्रातले जुने शब्द बदलत बसू नका, पण उपदेशात “आपण आध्यात्मिकदृष्ट्या आंधळे-लंगडे आहोत” म्हणण्याआधी समोर कोण बसलंय ते पाहा.

पंच म्हणून आमच्या एका बहिणीचं नाव सुचवलं. शिक्षिका आहे, हिशेब चोख, पोलिओमुळे पायाला आधाराचा कॅलिपर घालते. एका वडीलधाऱ्यांनी बायबलमधलं लेवीय 21 काढलं: दोष असलेल्यानं वेदीजवळ जाऊ नये. सगळे गप्प बसले. तसं पंचांचं काम फार नाही, महिन्यातून एकदा पाळकांच्या घरी माडीवर बैठक असते.
*मिरजेजवळून*

लेवीय 21 पूर्ण वाचायला सांगा. ते नियम मोशेचा भाऊ अहरोन याच्या वंशातल्या याजकांसाठी, निवासमंडपातल्या होमार्पणासाठी होते. तुमच्या मंडळीत अहरोनाचा वंशज कुणीच नाही. त्या यादीत डोळ्यातला दोष आणि खरूजही आहे. ती आज लागू करायची तर चष्मेवाल्या सगळ्या पंचांनाही उठावं लागेल. आणि बाविसाव्या वचनात म्हटलंय की अशा माणसानं देवाचं पवित्र आणि परमपवित्र अन्न खावं. अगदी तेव्हाही त्याला घराबाहेर काढलेलं नव्हतं.

शेजारी निर्गमाचा चौथा अध्याय ठेवा. माझी जीभ जड आहे, असं मोशे म्हणाला. देवानं त्याच्या जागी दुसरा नेमला नाही, अहरोनाला त्याच्या सोबत दिलं. रमाबाईंना कमी ऐकू येत असे, त्यापायी इंग्लंडमध्ये डॉक्टर व्हायचा विचार सोडावा लागला. त्याच बाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. तुमच्या वडीलधाऱ्यांच्या घरात त्यांचा फोटो असण्याची शक्यता बरीच आहे.

सगळे गप्प बसले, हे मला त्या वचनापेक्षा जास्त लागलं. पुढच्या सभेत तुम्ही बोला. तुम्ही अनुमोदन दिलंत तर दुसरा हात वर येईल. तिच्याशीही आधी बोला. पंच व्हायचंय का, हे कुणी तिला विचारलेलं दिसत नाही.

आणि माडीवरची ती बैठक खाली घ्या. निवडणुकीनंतर नको, या महिन्यापासूनच.