“मॅडम, मला शॉक देणार म्हणे?”

खुर्चीत नीट टेकायच्या आतच काकूंनी विचारलं. वय एकसष्ट. हातातल्या फाईलवर डॉक्टरांनी लिहिलेलं: ओव्हरअ‍ॅक्टिव्ह ब्लॅडर (मूत्राशय अवेळी आकुंचन पावून सारखी, घाईची लघवी लागणं), इलेक्ट्रिकल स्टिम्युलेशन (सौम्य करंटचा उपचार). (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

त्यांच्या थोरल्या जाऊबाईंना मानसिक आजारात झटक्यांचे उपचार दिले होते. घरात त्यावर नुसती कुजबुज झाली, समजावून कुणीच सांगितलं नाही. त्यामुळे करंट म्हणजे आपल्याही डोक्यात काही बिघडलंय, असं काकूंच्या मनाने घेतलं होतं.

“यात एक बारीक सुई पायाला टोचतात, काकू,” मी म्हटलं.

“लघवीचं दुखणं आणि सुई पायाला?”

मी माझ्याच घोट्यावर हात ठेवून दाखवलं. आतल्या बाजूला, घोट्याच्या हाडाच्या तीन बोटं वर, एक बारीक सुई. तळपायाला एक चिकटणारं पॅड. दोन्हींना जोडलेलं छोटंसं यंत्र, बॅटरीवर चालणारं. तिथून जाणारी नस वर पाठीच्या कण्यात जिथे पोचते, मूत्राशयाच्या नसाही तिथल्याच. घोट्याजवळ सौम्य करंट दिला की मूत्राशयाचं अवेळी आकुंचन पावणं कमी व्हायला मदत होते. पेसमेकर असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर मात्र आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. काकूंना यातलं काही नव्हतं.

त्यांनी नातवाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर तीन दिवसांची नोंद आणली होती. दिवसा 14 वेळा, रात्री 4 वेळा. लघवी मापाच्या पेल्यात मोजलेली, काही वेळा जेमतेम 80 मिली. शेवटच्या ओळीपाशी बोट ठेवून त्या हळूच म्हणाल्या, “भाचीच्या लग्नाला गेले नाही. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं.” यजमानांनाही हे माहीत नव्हतं. बाहेर जायच्या दिवशी त्या सकाळपासून पाणी बंद ठेवायच्या. खूप बायका हेच करतात, आणि मला फार वाईट वाटतं. पाणी तोडलं की लघवी घट्ट होते आणि लघवीची घाई उलट वाढू शकते.

जंतुसंसर्ग आणि साखर तपासून झालं होतं. लघवी थोडी थोडी लांबवायची सवय, ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम, चहा कमी करणं, सगळं करून झालं होतं. गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, पोट साफ होईना, म्हणून त्या सोडल्या. विजेचा उपचार सहसा इतकं झाल्यावरच येतो, आणि ते योग्यच आहे.

पहिल्या दिवशी मी त्यांच्याजवळ बसले. फिजिओथेरपिस्टने करंट हळूहळू वाढवला आणि काकूंच्या पायाचा अंगठा आपोआप खाली वळला. “अगं बाई!” त्या म्हणाल्या. तळव्यात मुंग्या आल्या, एवढंच. नस बरोबर सापडल्याची हीच खूण. मग अर्धा तास पाय उशीवर ठेवून आम्ही गप्पा मारल्या.

आठवड्यातून एकदा, असे 12 आठवडे. पाचव्या खेपेनंतर त्या वैतागल्या: “एवढे हेलपाटे, फरक कुठंय?” मी खरं तेच सांगितलं. फरक दिसायला सहा-आठ आठवडे लागू शकतात, आणि काहींना तो पडतच नाही. तसं झालं तर कमरेखाली बसवायच्या यंत्राचा पर्याय असतो, पण तो खर्चिक आहे, त्याला शस्त्रक्रिया लागते. काकूंनी धीर धरला, उपचार चालू ठेवला. बाराव्या आठवड्यात वहीत दिवसा 9, रात्री 2 असा आकडा होता. त्रास पूर्ण गेला नव्हता. टिकवण्यासाठी आता त्या महिन्यातून एकदा येतात.

परवा आल्या तेव्हा डब्यात पेढे होते. त्याच भाचीच्या बाळाचं बारसं झालं. साडेतीन तास एसटीने गेल्या, वाटेत एकदाच उतरल्या. पाण्याची बाटली सोबत होती, आणि येताना ती रिकामी होती.