गार प्लेट आणि पांता भात

प्रश्न : ताई, रात्रीची जेवणं आटोपली की मी आणि सासूबाई टीव्हीवर मास्टरशेफ ऑस्ट्रेलिया, ती स्वयंपाकाची स्पर्धा, लावतो. त्यांना इंग्रजी फारसं कळत नाही, तरी शेवटची दहा सेकंद मोजायला लागले की त्या माझा हात घट्ट धरतात. मुलगा म्हणतो, सगळं ठरवून केलेलं असतं, जजपर्यंत जेवण गारच पोचतं. खरंय का? आणि ना वास ना चव, मग आपण एवढं काय बघतो?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : मुलाचं थोडं बरोबर आहे हो. वेळ संपली की एकेकाची प्लेट पुढे नेऊन शूट करायची म्हणजे भरपूर वेळ जातो, तोवर सॉसवर साय धरते. म्हणून जज बरेचदा स्वयंपाक चालू असतानाच भांड्यांतून चव घेत फिरतात. आणि स्पर्धक मधेमधे कॅमेऱ्याकडे बघून "आता माझा केक बसला तर संपलं" असं म्हणतात ना, ते नंतर बसवून रेकॉर्ड केलेलं असतं, फक्त बोलायचं असं की जणू आत्ता घडतंय. एडिटिंग, म्युझिक, ते घड्याळ, सगळी मांडणीच आहे. पण कांदा करपला तर तो खराच करपलेला असतो आणि हात थरथरतात तेही खरेच, ते कोण शिकवणार?

तिकडे या शोचं वेड किती होतं बघा, 2010 मध्ये निवडणुकीची टीव्हीवरची डिबेट होती, तेव्हाच्या पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड आणि विरोधी पक्षनेते टोनी अॅबट यांची, ती त्याच रात्री मास्टरशेफची फायनल म्हणून आधी उरकून घेतली!

मला स्वतःला मात्र 2021 ची फायनल विसरता येत नाही. किश्वर चौधरी, मेलबर्नमध्ये वाढलेली बंगाली घरातली मुलगी, तिने तिथे पांता भात केला. म्हणजे रात्री पाण्यात भिजत घातलेला शिळा भात, सोबत बटाट्याचं भरीत आणि सार्डिन, आपली तारली हो! एवढ्या मोठ्या फायनलला जिथे लोक तीन मजली डेझर्ट रचतात तिथे गरिबाघरचा न्याहारीचा भात ठेवायचा, केवढी हिंमत लागते. तिन्ही जजनी दहापैकी दहा दिले. ती शेवटी तिसरी आली, पण मी तो भाग बघताना अक्षरशः रडले, कारण माझी आजीपण उरलेल्या भातात पाणी घालून ठेवायची आणि सकाळी ताक, मीठ, कांदा घालून आम्हाला वाढायची, पाहुणे आले की मात्र ते पातेलं फळीमागे सरकवायची. तेच पातेलं कुणीतरी दिव्यांच्या झोतात मांडलं असं वाटलं मला. वास-चव आपल्याकडे आधीच साठलेली असते, टीव्हीने फक्त चेहरा दाखवायचा.

तो भाग सासूबाईंना दाखवाच. आणि त्यांच्या माहेरी शिळ्या भाताचं काय करायचे ते विचारून मला कळवा, मला खरंच हवंय.