एफएसएच आधीच वाढलंय, मग वरून हार्मोनच्या गोळ्या कशाला?

ताई, तुम्ही विचारलंत: वय 34, सात महिने पाळी नाही, एफएसएच 58. आणि घरचे म्हणतात, हार्मोन वाढलेलं असताना वरून हार्मोनच कशाला? मी अमळनेरची, मला हेच दुखणं, म्हणजे चाळिशीच्या आतच बीजकोष (ओव्हरी) थकणं, 36 व्या वर्षी निघालं, म्हणून सांगते.

वाढलंय ते बीजकोषाचं हार्मोन नाही. एफएसएच मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं, बीजकोषाला कामाला लावायला. बीजकोष इस्ट्रोजेन आणि इनहिबिन ही आपली हार्मोनं सोडतो, तेव्हा पिट्युटरी आवरतं घेते. हाकेला ओ मिळाली नाही की हाक आणखी मोठी होते, तसा तो 58 चा आकडा. रिपोर्टात इस्ट्रॅडिओल (मुख्य इस्ट्रोजेन) बघा, बहुतेक तळाला असेल. गोळी ती तूट भरते. चाळिशीच्या आत चार महिने पाळी नाही आणि एफएसएच 25 च्या वर, तर डॉक्टर याच दुखण्याचा विचार करतात. गरोदरपणाची आणि थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर तेवढी करून घ्या.

अचानक घाम फुटणं हेही याचंच लक्षण. आपल्याकडे मे महिन्यात घामाकडे कोण लक्ष देतं! पण डिसेंबरात पहाटे सगळे गोधडीत गुरफटलेले असायचे आणि माझी मान, छाती चिंब. दोन मिनिटांत तोच घाम गार पडून हुडहुडी भरायची. तेव्हा मी डॉक्टरकडे गेले.

"बरं झालं, सुटली कटकटीतून" असं बायका म्हणतात, ते मला अजून सहन होत नाही. इस्ट्रोजेन गेलं की हाडं झिजतात, हृदयाचा धोका वाढतो, आणि आपल्याला ते दहा-पंधरा वर्षं आधीच सोडून जातं. म्हणून साधारण पन्नाशीपर्यंत गोळ्या चालू ठेवतात. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच, नुसत्या इस्ट्रोजेननं आतलं अस्तर वाढत जातं. स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताची गुठळी कधी झाली असेल तर आधी सांगा. हाडं किती भरीव आहेत ते मोजणारी डेक्सा तपासणी करा. गावात नसेल तर जळगाव, धुळे किंवा नाशिकला चौकशी करा.

आणि बीजकोष पार बंदच पडतो असं नाही. शंभरात पाच-दहा जणींना आपोआप दिवस जातात. या गोळ्यांनी दिवस जाणं टळत नाही, मूल नको असेल तर वेगळी सोय करा. हवं असेल तर आताच तज्ज्ञाला भेटा.

कारण शोधायला गुणसूत्रांची आणि एफएमआर1 या जनुकाची तपासणी विचारा. धाकटी बहीण मूल पुढे ढकलत असेल तर तिच्या कानावर घाला, काही घरांत हे रक्तातून येतं.