शाळेच्या बास्केटबॉल संघात एकच उंच सेंटर आहे, नव्या कोचने त्याला कसं खेळवावं?

तुम्ही लिहिलंय की जुलैपासून शाळेच्या मुलांचा संघ तुमच्याकडे आलाय. स्वतः कॉलेजपर्यंत खेळलात, पण शिकवायची ही पहिलीच वेळ. दहावीतला एक मुलगा सहा फूट चार इंच, म्हणजे तुमचा सेंटर, रिंगजवळ खेळणारा, बाकीचे साडेपाच फुटांच्या आगेमागे, आणि इंदूरच्या ज्या शाळांशी तुमची गाठ पडते त्यांच्यात त्याच्या उंचीला पोचेल असं कुणी नाही. सगळा खेळ त्याच्याभोवती बांधू का, असं विचारताय.

बांधा, जरूर बांधा. फक्त कामाला सुरुवात त्याच्यापासून करू नका, त्याला बॉल देणाऱ्या पोरांपासून करा. मी उलटं केलं होतं आणि त्याची किंमत एका मुलाने मोजली, म्हणून एवढं सविस्तर लिहायला बसलोय.

मी इंदूरचाच. लोकमान्य नगरात वाढलो, रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर मोठ्या मुलांचे सामने बघत बघत खेळ शिकलो, आणि गेली बरीच वर्षं शाळेची मुलं खेळवतोय. पहिल्याच वर्षी माझ्याकडे तुमच्यासारखाच एक उंच मुलगा आला. शांत, सांगितलेलं ऐकणारा, बॉल हाताला चिकटल्यासारखा पकडायचा. मी दोन महिने फक्त त्याच्यावर घातले. रिंगखाली वळणं, हुक (हात बाजूने डोक्यावरून वळवून मारलेला शॉट), दोन्ही हातांनी लेअप (रिंगजवळून बोर्डाला लावून टाकलेला बॉल), सगळं. स्पर्धेतले पहिले सामने सहज निघाले. सेमीफायनलला समोरच्या कोचने अगदी साधी गोष्ट केली: एक मुलगा त्याच्या पुढे उभा केला, एक मागे. मी बाकावरून ओरडतोय, "आत दे, आत दे!" आणि माझे गार्ड, म्हणजे बाहेरून बॉल खेळवणारी पोरं, बावरून जिथून सुचेल तिथून बॉल फेकतायत. कधी तो पुढच्याच्या हातात, कधी थेट रेषेबाहेर. दुसऱ्या क्वार्टरपर्यंत तो मुलगा पूर्ण हात वर करून बॉल मागत होता. तिसऱ्यात हात खांद्यापर्यंतच यायला लागला. चौथ्यात त्याने हात उचललाच नाही. आम्ही हरलो. बाहेर त्याची आई भेटली, म्हणाली, "सर, तो म्हणतोय माझ्यामुळे हरलो." त्याच्यामुळे नव्हतो हरलो. त्याच्यापर्यंत बॉल पोचवायचा कसा, हे मी कुणालाच शिकवलं नव्हतं.

तर आधी पास. बॉल रिंगच्या अगदी समोर, मध्यावर असताना आत देऊ नका, कारण तिथून तो डिफेंडरच्या अंगावरूनच जातो. फ्री थ्रोची, म्हणजे फाउलनंतर मोकळा शॉट मारायची, रेषा मनाने बाजूला वाढवा, तिच्या जरा खाली, विंगवर, म्हणजे कोर्टाच्या कडेच्या अंगाला, बॉल न्या. तिथून कोन मिळतो. पास देणाऱ्याला सांगा, सेंटरकडे बघू नकोस, त्याच्या डिफेंडरकडे बघ. तो वरच्या अंगाला असेल तर पास रिंगमागच्या रेषेच्या, म्हणजे बेसलाइनच्या, बाजूने, खालच्या अंगाला असेल तर मध्याच्या बाजूने. सेंटरने डिफेंडरपासून लांबचा हात उघडा धरायचा आणि पास त्याच पंजावर यायचा. लहान चणीच्या मुलांची एक खोड असते, दोन्ही हातांनी डोक्यावरून फेकतात आणि फेकायच्या आधी नजरेने सगळ्या मैदानाला सांगून टाकतात. त्यांना हूल शिकवा. वर दाखवून खालून बाउन्स, खाली दाखवून वरून.

डिफेंडर पुढेच येऊन उभा राहिला तर घाबरायचं नाही, उलट ती चांगली संधी आहे. बाकीच्यांतला सगळ्यात उंच मुलगा फ्री थ्रोच्या रेषेवर आणा, बॉल विंगवरून त्याच्याकडे द्या. तेवढ्यात सेंटरने पुढच्या डिफेंडरला पाठीवर धरून ठेवायचं. आता डिफेंडर चुकीच्या बाजूला आणि रिंग मोकळी. किंवा पलीकडची बाजू रिकामी करून डिफेंडरच्या डोक्यावरून उंच पास, म्हणजे लॉब, टाका, नेम बोर्डाच्या जवळच्या कोपऱ्यावर. माझ्याकडे आता रोज पंधरा मिनिटं फक्त हेच चालतं: विंगवर एक, आत सेंटर, दोघांवरही डिफेन्स, शॉट मारायचाच नाही. बॉल आत नीट पोचला की एक गुण. पोरं पहिल्या आठवड्यात कंटाळतात. मग भांडून गुण मोजायला लागतात.

सेंटरला काय शिकवायचं, यासाठी मला एक जुनी गोष्ट फार जवळची वाटते. १९४२ मध्ये शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात रे मेयर नावाचा अठ्ठावीस वर्षांचा नवा कोच आला, तुमच्यासारखाच पहिल्यांदा मुख्य जबाबदारी घेणारा. त्याला मिळाला जॉर्ज मायकन, सहा फूट दहा इंच, जाड भिंगाचा चष्मा, चालताना पाय अडखळायचे. त्या काळी इतका उंच माणूस या खेळाला निकामी समजला जायचा. मेयरने त्याला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, बॉक्सिंगचा सराव दिला, चक्क नाच शिकायला पाठवलं. म्हणजे आधी पाय घडवले. रिंगखाली एकदा उजव्या हाताने, एकदा डाव्या हाताने, बॉल खाली न आणता सलग लेअप मारायचा जो सराव आज जगभर मायकन ड्रिल म्हणून चालतो, तो याच जोडीचा. तुमच्या मुलाला रोज तो करू द्या, आणि दोरी द्या. बॉल खाली न आणणं ही त्यातली लाखमोलाची गोष्ट. उंच मुलगा रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा बॉल, घेतो, सवयीने एकदा टप्पा मारतो आणि खालून साडेपाच फुटी पोरगा बॉल काढून नेतो. बॉल हनुवटीखाली, कोपरं बाहेर, आणि तिथूनच वर. मी सरावात स्वतः मधे उभा राहून खालून बॉलला थापा मारतो, त्याशिवाय ही सवय मोडत नाही.

आता बॉल आत पोचला. पुढे काय होणार, तर दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला त्याच्यावर दोघं येणार. इथे बहुतेक नवे कोच त्याला 'जोर लाव' म्हणतात. माझं ठाम मत आहे की तुमच्या सेंटरचं सगळ्यात महत्त्वाचं कौशल्य पास असलं पाहिजे. एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा, सेंटर विल्ट चेंबरलेन बघा. १९६१-६२ च्या मोसमात त्याने सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण केले, २ मार्च १९६२ ला एकाच सामन्यात १००. पण त्या वर्षी त्याच्या संघाला विजेतेपद मिळालं नाही. १९६६-६७ मध्ये फिलाडेल्फियात त्याला अॅलेक्स हॅनम कोच म्हणून लाभला. हॅनमने त्याला शॉट कमी आणि पास जास्त करायला लावले. गुण आले २४.१ वर, असिस्ट, म्हणजे ज्यावरून लगेच बास्केट झाली असे पास, गेले ७.८ वर, संघ ६८ सामने जिंकला, १३ हरला आणि विजेता ठरला. त्याच मोसमात तो सामन्यामागे २४ च्या वर रिबाउंडही घेत होता. माणूस तोच होता, काम वेगळं दिलं.

याची दुसरी बाजू मायकनच्याच नावावर आहे. २२ नोव्हेंबर १९५० ला फोर्ट वेनच्या संघाने बॉल नुसता हातात धरून वेळ काढला, तेव्हा शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक वेळात शॉट मारायला लावणारं घड्याळ, नव्हतं, आणि मायकन पुढे ज्यात खेळला त्या मिनियापोलिसच्या संघाला १९ विरुद्ध १८ असं हरवलं. त्या १८ पैकी १५ गुण एकट्या मायकनचे. बाकी सगळ्यांचे मिळून तीन. २४ सेकंदांचं घड्याळ १९५४ मध्ये आलं, तसा खेळ आता होणार नाही, पण हा आकडा मी दरवर्षी नव्या गार्डना सांगतो. संघातल्या कुणाकडे बघून सांगायचं, ते तुम्हाला कळेलच.

तर त्याला शिकवा: बॉल मिळाला की आधी खांद्यावरून मागे बघ, मग खेळ. दुसरा डिफेंडर कुठून आला, म्हणजे कुणाला सोडून आला, ते दिसलं पाहिजे. आणि बाकीच्यांना शिकवा की पास दिल्यावर उभं राहून बघत बसायचं नाही, कापत रिंगकडे जायचं. शाळेतली मुलं ६.७५ मीटरवरून थ्री पॉइंटर टाकतीलच असं नाही, माझी तर बहुतेक टाकत नाहीत. म्हणून त्यांना तिथे पसरून ठेवण्यापेक्षा चार मीटरवर, जिथून त्यांचा शॉट बसतो तिथे उभं करा.

तीन सेकंदांचा नियम विसरू नका. आपण ज्या रिंगवर शॉट मारतो त्या अर्ध्या कोर्टात आपल्या संघाकडे बॉल असताना रिंगखालच्या रंगवलेल्या चौकोनात तो सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू शकत नाही. त्याला तिथे खांबासारखा उभा करू नका. चौकोनाच्या बाहेर, कडेला थांबायचं आणि बॉल विंगवर आला की आत शिरून जागा धरायची. तोंडाने मोठ्याने 'एक, दोन' मोजायला लावा सरावात, लाज वाटली तरी.

डिफेन्सला मात्र हे बंधन नाही, आणि इथे नव्या कोचचा गोंधळ उडतो. मोबाइलवर एनबीएचे सामने बघून मुलं सांगतात की डिफेन्समध्येही तीन सेकंद असतात. ते तिकडे, २००१ पासून. आपण फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, नियमांनी खेळतो आणि त्यात तसं काही नाही. तुमचा सेंटर अख्खा वेळ रिंगच्या पुढ्यात राहू शकतो. फक्त त्याला प्रत्येक बॉलवर उडी मारू देऊ नका. सरळ उभं राहून दोन्ही हात सरळ वर, पुढे झुकायचं नाही, बस. सहा-चारचा मुलगा हात वर करून उभा राहिला तरी अर्धे शॉट बिघडतात. ब्लॉक केलाच तर बॉल प्रेक्षकांत भिरकवायचा नाही, आपल्याच माणसाकडे ढकलायचा. एनबीएचा सेंटर बिल रसेल तेच करायचा, आणि तो तेरा मोसमांत अकरा वेळा विजेता होता. पाच फाउल झाले की मुलगा बाहेर, आणि समोरचा कोच नेमका याच प्रयत्नात असणार. पहिल्या क्वार्टरमध्ये दोन फाउल झाले तर मी त्याला बसवतोच, स्कोअर काहीही असो. म्हणून सरावात रोज दहा मिनिटं त्याच्याशिवाय खेळा. बाकीच्यांना तो नसताना काय करायचं हे माहीत नसेल, तर तो बाहेर बसलेली पाच मिनिटंच सामना घेऊन जातात.

फ्री थ्रो. त्याला मुद्दाम फाउल करतील. शकील ओनील इतका मोठा खेळाडू, पण कारकिर्दीत त्याचे फ्री थ्रो ५२.७ टक्केच बसले आणि संघ त्याला त्यावरूनच छळायचे. सरावाच्या शेवटी, पाय थकलेले असताना दहा मारायचे. ते मारेपर्यंत पाणी नाही, असं काही करू नका, पाणी आधी द्या. पण दहा मारूनच घरी.

एक गोष्ट मनापासून सांगतो. सहा-चार ही आपल्या शाळांत सेंटरची उंची आहे, पुढे नाही. भारताचा सतनाम सिंग २०१५ मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेला, तो सात फूट दोन इंच. तुमचा मुलगा पुढे खेळला तर बहुधा त्याला विंगवर, रिंगकडे तोंड करून खेळावं लागेल. सामन्यात त्याला आत ठेवा, पण सरावात गार्डबरोबर ड्रिबल करू द्या, बाहेरून शॉट मारू द्या. तुमच्या एका वर्षाच्या ढालीसाठी त्याचा पुढचा रस्ता बंद होऊ नये, एवढी काळजी कोचने घेतलीच पाहिजे.

आणि त्याचं शरीर बघा. या वयात झपाट्याने वाढणाऱ्या मुलांना गुडघ्याच्या वाटीच्या खाली, हाडाच्या उंचवट्यावर दुखतं, हात लावला की कळवळतात. माझ्या संघातला तो उंच मुलगा हे लपवायचा, कारण बसवतील ही भीती. सिमेंटच्या कोर्टावर रोज शंभर उड्या मारून घेऊ नका. दुखतंय म्हणाला तर उड्या बंद करा, डॉक्टरांना दाखवा, त्या दिवसांत बसून पास आणि फ्री थ्रो करून घ्या.

पहिल्याच दिवशी त्याचे बूटही बघा. माझ्या त्या मुलाच्या बुटांच्या टाचा आत दुमडलेल्या होत्या. मला वाटलं आळस. नंतर कळलं, पाय बारा नंबरचा आणि बूट दहाचा, आईला सांगायला संकोच वाटत होता. मोठा नंबर दुकानात एका फेरीत मिळत नाही, मागवून ठेवावा लागतो, म्हणून घरच्यांशी आत्ताच बोला. स्पर्धेच्या आधी नवे बूट दोन-तीन आठवडे तरी वापरून झालेले हवेत.