बॉनेट घासण्याआधी

मागच्या अंकात गोठ्यातल्या जुन्या जीपगाड्यांवर चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग पडला. शिरोळपासून चंदगडपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या परड्यात काहीतरी गंजत पडलंय, हे वाचून जीव कळवळला आणि सुखावलाही. सगळ्यांना एका दमात उत्तर देणं जमणार नाही. पाच पत्रं घेतली आहेत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त करत हात काळे करून जे कळलं, ते सांगतो.

मिस्त्रीकाका, नमस्कार. आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात मिलिटरी ड्रायव्हर होते. परत आल्यावर लष्कराच्या डिस्पोजलमधनं, म्हणजे जुन्या सामानाच्या विक्रीतनं, त्यांनी जीप घेतली, असं आजी सांगायची. वडील म्हणतात, ती महिंद्राचीच आहे. भंगारवाला रोज फोन करतोय. खरं काय ते कसं ओळखू?
— एक वाचक, सैनिक टाकळी

भंगारवाल्याला थांबवा. आजी आणि वडील, दोघांपैकी कोण बरोबर हे गाडीच सांगेल.

महिंद्रानं विलीज या अमेरिकन कंपनीच्या जीपा आपल्याकडं जुळवायला घेतल्या त्या स्वातंत्र्यानंतर. आपल्या भागात वडापमध्ये, म्हणजे खाजगी प्रवासी वाहतुकीत, झिजल्या त्या बहुतेक याच, उंच बॉनेटच्या आणि उजव्या स्टेअरिंगच्या. लढाईतली जीप विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी १९४१ ते १९४५ या काळात बनवली, दोघींच्या मिळून सहा लाखांच्या वर. तिचं स्टेअरिंग डावीकडं. तुमच्या गाडीचं आज उजवीकडं असलं म्हणून निराश होऊ नका, पुढं पुष्कळांनी ते बदलून घेतलं. डॅशबोर्डवर डाव्या अंगाला पत्र्याचं ठिगळ दिसतंय का, ते हात फिरवून बघा. वेल्डिंग डोळ्याला लपतं, बोटाला लपत नाही.

मग समोर या. जाळीच्या उभ्या फटी मोजा. लढाईतल्या गाडीला नऊ, नंतरच्या नागरी गाडीला सात. हेडलाइट बघा. युद्धातल्या जीपचा हेडलाइट बिजागरीवर असतो, नट सैल करून उलटा फिरवला की उजेड थेट इंजिनावर पडतो. रात्री आडरानात दुरुस्ती करायची सोय. पहिल्यांदा असा दिवा फिरवून बघितला तेव्हा मी बराच वेळ तसाच बसून राहिलो होतो. ज्यानं हे डोकं चालवलं, तो कधीतरी अंधारात गाडीखाली झोपलेला माणूस असणार.

आता पुढच्या बंपरमागं वाकून चासीचा आडवा दांडा चाचपा. गोल पाइप असेल तर विलीज, उलट्या पन्हळीसारखा असेल तर फोर्ड. फोर्डनं तर बोल्टाच्या डोक्यावरसुद्धा आपला वळणदार इंग्रजी ‘एफ’ ठोकलाय. वायरब्रशनं चार बोल्ट पुसा, दिसेल. फोर्डचा चासी नंबर डाव्या चासीवर वरच्या बाजूला ठोकलेला असतो आणि ‘जीपीडब्ल्यू’नं सुरू होतो. विलीजचा बंपरमागं आतल्या अंगाला रिव्हेट मारलेल्या पट्टीवर, ‘एमबी’नं सुरू. तिथं ग्राइंडर लावू नका. डिझेलचं फडकं आणि दात घासायचा जुना ब्रश एवढंच वापरा.

आणि आता ज्यासाठी तुमचं पत्र पहिलं घेतलं ते. बॉनेटला हात लावू नका.

पंचवीसएक वर्षांपूर्वी कागलकडचे एक निवृत्त सुभेदार माझ्याकडं जीप घेऊन आले. लष्कराच्या लिलावातली, वर निळा रंग मारलेला. बॉडी पार गंजलेली, म्हणून मी ती सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या माऱ्यानं गंज-रंग उडवायला, एका कारखान्यात पाठवली. सांगितलं, ‘सगळं साफ करून द्या.’ त्यांनी सगळं साफ करून दिलं. पत्रा चांदीसारखा चमकत होता. सुभेदार आले, बॉनेटभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, ‘मिस्त्री, नंबर कुठं गेला?’ मला कळेचना. मग ते म्हणाले, पावसात गाडी भिजली की निळ्या रंगाखालनं वर तोंड केलेला बाण आणि पुढचे आकडे उमटायचे. लष्कराचा नंबर. तो बघायला ते पावसाळ्यात मुद्दाम परड्यात जायचे. मी मान खाली घालून उभा राहिलो. रंग पुन्हा मारता येतो, तसा नंबरही रंगवता येतो, पण तो मी लिहिलेला नंबर झाला असता. त्यांनी नको म्हटलं.

म्हणून आधी बॉनेट नुसतं पाण्यानं धुवा आणि ओलं असताना सकाळच्या तिरक्या उन्हात बघा, मोबाइलवर फोटो काढा. मग कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेवर ६०० नंबरचा वॉटरपेपर पाणी लावून हलक्या हातानं फिरवा. कांद्याच्या पापुद्र्यासारखे थर दिसतील. वर घरच्यांनी मारलेला रंग, त्याखाली आपल्या लष्कराचा, आणि नशीब असेल तर सगळ्यांत तळाला अमेरिकन हिरवा. अमेरिकन लष्करात जीपच्या नंबराची सुरुवात २० नं व्हायची. बॉनेटच्या कडेला तो २० निघाला, तर आजीचं खरं.

चाकं खोलायची असतील तर जपून. काही जीपांची रिम दोन तुकड्यांची, बोल्टांनी जोडलेली असते. हवा पूर्ण सोडल्याशिवाय ते बोल्ट सैल केले तर रिम उडून जीव जातो. पंक्चरवाल्याला हे तुम्ही स्वतः सांगा.

मिस्त्री, २०१९ च्या महापुरात आमची जुनी विलीज पाण्यात गेली. तेव्हापासून इंजिन जाम आहे. ट्रॅक्टरला दोर लावून टॉप गिअरमध्ये ओढली तर सुटेल का?
— एक तरुण वाचक, प्रयाग चिखली

सुटेल, आणि पिस्टनच्या रिंगांचे तुकडे करून सुटेल. दोर सोड आधी.

पहिल्यांदा ऑइलचा बोल्ट काढ आणि खाली काचेची बरणी धर. पाणी जड, ते आधी येईल. किती येतंय त्यावरून आत काय झालंय त्याचा अंदाज लागतो. मग चारही प्लग काढ. प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचं पातळ लाल ऑइल अर्धं-अर्धं करून चहाच्या अर्ध्या कपाएवढं ओत. आठ-दहा दिवस गाडीकडं फिरकू नकोस. रोज पान्हा लावून बघायचा मोह होतो, मलाही होतो, पण तेलाला रिंगांपर्यंत उतरायला वेळ लागतो.

या इंजिनाची एक चांगली गोष्ट सांगतो. याचे वॉल्व्ह हेडमध्ये नाहीत, ब्लॉकमध्ये बाजूला बसवलेत. त्यामुळं हेड म्हणजे नुसतं झाकण. ते उचललं की पिस्टन आणि वॉल्व्ह दोन्ही समोर. पुरात बुडालेल्या इंजिनात पुष्कळदा पिस्टनपेक्षा वॉल्व्हच धरलेले असतात. बाजूचं कव्हर काढ, कुठली स्प्रिंग दबून राहिलीय बघ, वॉल्व्हच्या देठाला तेल सोड आणि वरनं पितळी दांड्यानं टिचक्या मार. हातोडा थेट लावायचा नाही.

मग क्रँकच्या नटाला पान्हा लाव. बोटभर पुढं, बोटभर मागं. ज्या क्षणी ते हलतं, तो क्षण हातालाच कळतो. आत काहीतरी ‘च्यक’ करतं आणि पान्हा मऊ लागतो. तिथंच थांब. त्या दिवशी पूर्ण फेरा मारायचा नाही. पुन्हा तेल, पुन्हा दोन दिवस.

क्लचप्लेटही फ्लायव्हीलला चिकटलेली असणार, ती वेगळी सोडव. गाडी मूळची असेल तर वायरिंग सहा व्होल्टचं आहे, बारा व्होल्टची बॅटरी जोडून दिवे उडवू नकोस. छोटे गंजलेले भाग सोडवायला धुण्याचा सोडा घातलेलं पाणी आणि बॅटरी चार्जर पुरतो. भाग निगेटिव्हला, साधा लोखंडी तुकडा पॉझिटिव्हला. स्टीलच्या ताटाचा तुकडा वापरू नकोस, त्यातनं क्रोमियमचं विष पाण्यात उतरतं. आणि हे उघड्यावर कर, बुडबुड्यातला वायू पेट घेतो.

आमच्या मुलांना प्रश्न पडलाय की तळ्यात बुडालेला रणगाडा खरंच बाहेर निघतो का? तसा आपल्या देशात कुठं बघायला मिळेल?
— एक शिक्षिका, गडहिंग्लज

बाई, निघतो. एस्टोनियात कुर्तना भागातल्या एका तळ्यातून सप्टेंबर २००० मध्ये मोठ्या बुलडोझरनं ओढून टी-३४ रणगाडा काढला. १९४४ साली माघार घेताना जर्मनांनी तो पाण्यात ढकलला होता. छप्पन्न वर्षं बुडूनही तो फारसा गंजला नव्हता, कारण तळाशी कुजलेल्या वनस्पतींचा दाट गाळ होता आणि त्यात हवा पोचत नाही. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. मुलांना प्रयोग करून दाखवा. एक खिळा नळाच्या पाण्यात ठेवा, दुसरा उकळून गार केलेल्या पाण्यात, वर तेलाचा थर देऊन.

मला त्यात सगळ्यांत मोलाचं वाटलं ते वेगळंच. रणगाडा रशियन आणि त्यावर रंगवलेला क्रॉस जर्मन. म्हणजे तो आधी पकडला गेला, मग मालकाविरुद्धच लढला. हे कुठल्या कागदावरनं नाही, रंगावरनं कळलं.

समुद्रातला रणगाडा मात्र वेगळा. इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावर एप्रिल १९४४ मध्ये बोटींतनं सैन्य उतरवण्याचा सराव चालू असताना जर्मन बोटींनी हल्ला केला आणि सातशेच्या वर अमेरिकन सैनिक गेले. केन स्मॉल नावाच्या स्थानिक माणसानं तिथं बुडालेला एक शर्मन रणगाडा अमेरिकन सरकारकडून ५० डॉलरला विकत घेतला आणि १९८४ मध्ये वर काढला. तो पुन्हा चालवायचा प्रयत्न झाला नाही. मीठ लोखंडात मुरलं की ते आतनं खात राहतं. काळा थर देऊन तो त्या सैनिकांचं स्मारक म्हणून उभा केला. प्रत्येक गाडी सुरू झालीच पाहिजे असं नाही. मी मेकॅनिक असूनही हे म्हणतो.

आपल्याकडं कोहिमाला १९४४ च्या लढाईतला ली रणगाडा जपलेला आहे. पण गडहिंग्लजहून सहल काढायची तर अहिल्यानगर. तिथलं रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे. रोल्स-रॉइसची चिलखती मोटार, व्हॅलेंटाइन आणि चर्चिल रणगाडे, ६५ च्या लढाईत पाकिस्तानकडून पकडलेले पॅटन रणगाडे, सगळं एका आवारात. मुलांना रणगाड्याच्या पट्ट्याची एकेक कडी मोजायला लावा, त्यांना ते आयुष्यभर लक्षात राहील.

जीप तयार झाली. आता मिलिटरी हिरवा रंग मारून रोज वापरू का? पासिंगचं काय?
— एक वाचक, इचलकरंजी

दोन्हींना नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमानुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. आतल्या बाजूचा मूळ हिरवा राहू द्या, बाहेरून दुसरा रंग मारा. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झाली असतील आणि गाडी मूळ रूपात असेल, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे विंटेज नोंदणी मिळते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. मात्र ही गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. रोजच्या बाजाराला नाही.

वॉटर पंपाची बॉडी तडकली आहे. पुणे-मुंबई पालथी घातली, मिळत नाही.
— एक वाचक, कराड

पुण्या-मुंबईला कशाला गेलात? कोल्हापूरला या. इथल्या फाउंड्रीत आजही एखादा नग ओतून देणारी माणसं आहेत. फक्त जुना भाग जसाच्या तसा साच्यात दाबून चालत नाही. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आकसतं, फुटाला साधारण सूतभर (इंचाचा आठवा भाग). म्हणून साचा बनवायचा लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न, तेवढा मोठा करायचा, आणि जिथं मशीनिंग आहे तिथं वर आणखी माल ठेवायचा. बेअरिंगचं घर लेथवर शेवटी काढायचं. आठ-पंधरा दिवसांचं काम आहे.

तडकलेली बॉडी फेकू नका. कुणी एम-सील लावून ठेवली असेल तर ते खरवडू नका. सगळे तुकडे, अगदी नखाएवढा असला तरी, फडक्यात बांधून घेऊन या. मापं त्यांच्यावरूनच घ्यायची आहेत.