टँगो नाच अर्जेंटिनाचा, मग बॉलरूम नृत्यस्पर्धेत तो ‘लॅटिन’ गटात का नाही?

कारण हे गट देशावरून नाही, जोडीची पकड आणि पावलं टाकायची पद्धत यावरून पडलेत. टँगो पहिल्या महायुद्धाआधीच पॅरिस-लंडनला पोचला. १९२० च्या दशकात इंग्रज शिक्षकांनी त्याला वॉल्ट्झ-फॉक्सट्रॉट या जोडीनाचांच्या पंगतीत (आजचा ‘स्टँडर्ड’ गट) बसवलं. पकड बंद (दोघं समोरासमोर, एकमेकांना धरून), मानेला झटका, कंबर स्थिर. लॅटिनमध्ये उलट: क्यूबातून आलेल्या रुंबात गुडघा सरळ करत वजन टाकलं की कंबर आपोआप फिरते. गंमत म्हणजे त्याच ‘लॅटिन’ गटातला पासो दोब्ले स्पेनच्या बैलझुंजीवर बेतलेला आणि जाइव्ह अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या स्विंगमधून आलेला! मात्र हे स्पर्धेच्या टँगोपुरतं. अर्जेंटिनाची राजधानी ब्वेनोस आयर्सच्या मिलोंगांत, म्हणजे टँगोच्या मैफलींत, नाचतात तो टँगो जवळच्या मिठीतला, ऐनवेळी सुचेल तसा, आणि मानेच्या झटक्याविना.