मरायच्या आधी कापलेली कोंबडी

प्रश्न : डॉक्टर, मी साक्री तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितेय. घरी पंधरा-वीस गावरान कोंबड्या होत्या, आठवड्यात चार गेल्या, एक तर रात्री खुराड्यात चांगली होती आणि सकाळी बघते तर पाय ताठ. पाचवी मान टाकून कोपऱ्यात बसली तशी सासूबाई म्हणाल्या, मरायच्या आधी काप आणि रस्सा टाक, काही व्हत नही. मी कापली, साफ केली, सगळ्यांनी खाल्ली. मग व्हॉट्सअॅपवर बर्ड फ्लूचे मेसेज बघितले आणि झोपच उडाली. रश्श्यातून झाला असेल का?

उत्तर : ताई, तुम्हाला फोनवर सांगितलंच होतं, पण ही गोष्ट घरोघरची आहे म्हणून इथे छापतोय. रश्श्याची काळजी सोडा. हा व्हायरस 70 डिग्रीला मरतो आणि आपला काळ्या मसाल्याचा रस्सा चुलीवर अर्धा-पाऊण तास रटरटतो, त्यात काय राहणार. फक्त हाडाजवळ लालसर कच्चं राहू द्यायचं नाही.

काळजी आहे ती त्याच्या आधीच्या अर्ध्या तासाची. आजारी कोंबडीच्या रक्तात, आतड्यात, विष्ठेत, नाका-तोंडाच्या पाण्यात व्हायरस भरलेला असतो, पिसं उपटताना तो उडतो आणि मध्येच तोच हात आपण डोळ्याला लावतो, नाकाला लावतो. जगात माणसांना हा आजार झाला तो बहुतेक असाच, आजारी किंवा मेलेले पक्षी हाताळून. म्हणजे खाणारे सासूबाई नि मुलं बऱ्यापैकी सेफ आणि कापणाऱ्या तुम्हीच रिस्कमध्ये, जरा उलटंच आहे ना!

आता सगळ्यांनाच सांगतो. कापल्यापासून दहा दिवस लक्ष ठेवायचं. ताप, खोकला, डोळे लाल होणं, दम लागणं, यातलं काही वाटलं तर सरळ सरकारी दवाखाना गाठायचा आणि डॉक्टरने विचारायची वाट न बघता सांगायचं की मी आजारी कोंबडी कापली होती. हे वाक्य नाही सांगितलं तर साधा व्हायरल म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवतील. ऑसेलटामिविर नावाचं औषध आहे, पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं तर चांगला उपयोग होतो.

कोंबड्यांना काय झालं होतं हे मी इथे बसून सांगू शकत नाही आणि कोणी नुसतं बघून सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. मानमोडीतही, म्हणजे राणीखेत रोगातही, अशाच पटापट मरतात, हिरवी हगवण लागते. तुरा निळा पडला, तोंड सुजलं, एका रात्रीत दोन-चार गेल्या तर शंका घ्यायचीच, पण खरं काय ते लॅबच सांगते. मेलेली कोंबडी नाल्यात टाकू नका, उकिरड्यावर कुत्र्यांपुढे तर नाहीच. आधी गुरांच्या दवाखान्यात कळवा, ते नमुना घेतील, मग खोल खड्डा करून चुना टाकून पुरा. खुराडं कोरडं झाडू नका, धूळ उडते. तोंडाला रुमाल बांधा, पाणी मारून ओलं करा आणि मग साफ करा. हात साबणाने धुवा, साबणाने हा व्हायरस मरतो.

लोक कळवत का नाहीत ते मला माहितीय. मी तेव्हा नंदुरबारकडे नोकरीला होतो, फेब्रुवारी 2006, देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नवापुरात निघाला. भोपाळच्या लॅबचा रिपोर्ट आला आणि आजूबाजूच्या दहा किलोमीटरमधल्या कोंबड्या मारायला घेतल्या, पुढच्या महिन्यात जळगाव जिल्ह्यातही तेच. एक आजीबाई पाच कोंबड्यांची टोपली पदराखाली धरून बसल्या होत्या, देईचनात. त्यांचं मीठमिरचीचं सगळं त्या अंड्यांवर चालायचं. माणसांचे नमुने पुण्याच्या लॅबला गेले, एकालाही लागण निघाली नाही, पण लोकांच्या डोक्यात राहिलं ते कोंबड्या जाण्याचंच. नवापूरला 2021 मध्ये परत आला तोवर नियम बदलला होता, आता एक किलोमीटरमधल्याच मारतात. आणि एक ऐका, भरपाई मारलेल्या कोंबडीची मिळते, आधीच मेलेलीची नाही. लपवण्यात पैशाचंही नुकसानच आहे.

प्रश्न : जिमवाले रोज चार कच्ची अंडी प्यायला सांगतात, चालेल का? (जळगाव)

उत्तर : नको. बर्ड फ्लू नसला तरी साल्मोनेला नावाचे जुलाब करणारे जंतू आहेतच. उकडून खा, प्रोटीन कुठे पळून जात नाही, उलट उकडलेल्यातलं जास्त पचतं.

प्रश्न : कोरोनासारखं हे पण एकाचं दुसऱ्याला होईल का? (शिरपूर)

उत्तर : सध्या तरी सहज होत नाही. हा व्हायरस ज्या पेशींना चिकटतो त्या माणसात फुप्फुसाच्या खोल भागात जास्त असतात, नाका-घशात कमी, त्यामुळे शिंकेतून फारसा पसरत नाही. पण खोलवर गेला की न्यूमोनिया जबर होतो. 2003 पासून जगभरात 900 च्या वर लोकांना एच5एन1, म्हणजे हाच बर्ड फ्लू, झाला आणि त्यातले जवळपास निम्मे गेले. आपल्याकडे पहिला मृत्यू 2021 मध्ये, हरियाणातला अकरा वर्षांचा मुलगा, दिल्लीच्या एम्समध्ये. शास्त्रज्ञांची खरी धास्ती वेगळी आहे, व्हायरस रूप बदलतो. अमेरिकेत 2024 मध्ये तो चक्क दुधाळ गायींमध्ये निघाला, कच्च्या दुधातही सापडला. आपण दूध उकळतो तेच बरं, त्यात बदल करू नका.